डॉक्टर झाल्यावर दवाखानाच का?

वस्तीतला मुलगा किंवा मुलगी एमबीबीएस झाली की सगळ्यांना आनंद होतो. पेढे वाटून होतात न होतात तोच प्रश्न येतो, "दवाखाना कधी टाकणार?" घरावर कर्ज असते, धाकटी भावंडे शिकायची असतात. तेव्हा विचारणाऱ्याला दोष देता येत नाही. परंतु डॉक्टरकीत आणखी एक वाट आहे. वैद्यकीय महाविद्यालयात रुग्ण तपासायचे, विद्यार्थ्यांना शिकवायचे आणि रोगावर संशोधनही करायचे. या वाटेची माहिती आपल्या घरांपर्यंत फारशी पोचत नाही.

सिकलसेलचेच पाहा. विदर्भातील वाचकांना हा आजार नव्याने सांगायला नको. रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य कळा येतात. आईवडील दोघेही वाहक, म्हणजे 'एएस' असतील, तर प्रत्येक अपत्य रुग्ण असण्याची शक्यता चारात एक असते. आपल्याकडे हा आजार आदिवासी व अनुसूचित जातींत अधिक आढळतो, अमेरिकेत काळ्या लोकांत. तेथे त्याची पहिली शास्त्रीय नोंद १९१० साली झाली. पण त्यासाठी खास कायदा व्हायला १९७२ साल उजाडले!

मेरिलिन गॅस्टन ही सिनसिनाटी शहरातील गरीब घरची काळी मुलगी. तू डॉक्टर होऊ शकणार नाहीस, असे तिला सांगितले गेले. तरी १९६४ साली ती डॉक्टर झाली. इंटर्न असताना तिच्याकडे हात सुजलेले एक तान्हे मूल आले. मार लागल्याची खूण नव्हती. रक्त तपासले तेव्हा सिकलसेल निघाला, आणि त्यातच जंतुसंसर्ग झालेला. तेव्हापासून हाच तिच्या अभ्यासाचा विषय झाला.

पुढे तिच्या नेतृत्वाखाली २१५ बालरुग्णांवर एक अभ्यास झाला. काहींना रोज दोन वेळा पेनिसिलीन दिले, काहींना औषध नसलेली गोळी. पेनिसिलीन घेणाऱ्या मुलांत गंभीर जंतुसंसर्ग ८४ टक्क्यांनी कमी झाला. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास आठ महिने आधीच थांबवावा लागला. १९८६ साली तो प्रसिद्ध झाला. त्यानंतर नवजात बालकांची सिकलसेल तपासणी करण्याची शिफारस झाली. पेनिसिलीन काही नवे औषध नव्हते. ते या मुलांना वेळेवर दिले तर काय होईल, हे पद्धतशीर तपासणारे कोणीतरी हवे होते.

आता वाट कशी, ते पाहू. नीट परीक्षा, मग इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांचे एमबीबीएस, त्यानंतर तीन वर्षांचे एमडी किंवा एमएस. या काळात विद्यावेतन मिळते आणि प्रबंधही लिहावा लागतो. त्यानंतर सीनियर रेसिडेंट आणि मग असिस्टंट प्रोफेसर. संशोधनाची गोडी विद्यार्थिदशेतच लागावी म्हणून आयसीएमआरने १९७९ साली एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी अल्पकालीन योजना सुरू केली.

नीटमध्ये गुण कमी पडले म्हणून दार बंद होत नाही. बीएस्सी, एमएस्सी करून नेट-जेआरएफ मिळवता येते. २०२३ पासून जेआरएफची रक्कम पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये झाली. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय फेलोशिप आहे, पुण्याच्या बार्टीचीही आहे. नर्सिंग आणि फिजिओथेरपीच्या मुलामुलींनाही पीएचडीपर्यंत जाता येते. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारातील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही तर रक्ताच्या आजारांवरच काम करणारी संस्था आहे. मात्र फेलोशिपचे पैसे कधीकधी उशिरा हातात पडतात. घरच्यांनी तेवढी तयारी आधीच ठेवावी.

१ जुलै २०२३ रोजी देशात सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट आहे. तपासण्या होतील, कार्डे वाटली जातील. पण एकाच आजाराच्या दोन रुग्णांपैकी एकाला वारंवार कळा येतात आणि दुसऱ्याला क्वचित, असे का? हे शोधायला ज्यांच्या घरात हा आजार आहे, त्यांची मुले पुढे यायला हवीत. पालकांनो, मुलगी एमबीबीएस झाली की दवाखान्याचा गाळा बघण्याआधी तिला एवढेच विचारा, "तुला पुढे काय शोधायचे आहे?" आणि त्यासाठी तिला चार वर्षे द्या.