गुलाबी साडी आणि पांढरपेशी नाकं

आमच्या जालन्यात लोखंडी सळया होतात, बियाणं होतं, मोसंबी होते आणि उरलेल्या वेळात मराठी संस्कृतीची काळजी होते. पहिल्या तीन मालांना बाहेरगावी गिऱ्हाईक आहे. चौथा मात्र गावातच खपवावा लागतो आणि ते काम सकाळी मोतीबागेत फिरायला येणारी पेन्शनर मंडळी न चुकता करतात. त्यांना तरी काय बोल लावायचा? समर्थ रामदास आमच्याच जिल्ह्यातल्या जांबचे. विनोदाबद्दल त्यांचं काय मत होतं ते सर्वांना ठाऊक आहे, आणि आमच्या जिल्ह्यानं ते फारच मनावर घेतलं आहे.

२०२४ च्या आरंभी ‘गुलाबी साडी’ हे गाणं आलं आणि या काळजीला एकदम बहर आला. जळगाव जिल्ह्यातल्या धानवड गावचा संजू राठोड हा तरुण. त्यानंच ते लिहिलं, त्यानंच म्हटलं. वाद्यांची बाजू जी-स्पार्क या नावानं काम करणाऱ्या त्याच्या जोडीदारानं सांभाळली. सिनेमा नाही, नाटक नाही, पुण्याच्या सभागृहात कुणा बुजुर्गाच्या हस्ते प्रकाशन नाही. स्वतःच्याच यूट्यूब वाहिनीवर गाणं ठेवलं आणि मोकळे झाले. याला इंग्रजी पेपरवाले ‘इंडी’ म्हणतात. आम्हा मोंढ्याच्या गावच्या लोकांना ते समजायला अवघड नाही. शेतकऱ्यानं माल मोंढ्यात न आणता रस्त्याच्या कडेलाच टोपली मांडली, आडत वाचली, एवढाच त्याचा अर्थ. आता टोपलीपाशी झुंबड उडाली तर आडत्याच्या पोटात दुखणारच! आणि मराठी गाण्यात आडते किती आहेत ते मोजायला मोतीबागेत एक फेरी पुरे.

झुंबड तर अशी उडाली की विचारू नका. लग्नात, हळदीत, बारशात, गॅदरिंगमध्ये, भिशीत तेच गाणं. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधल्या फलकावरही ते झळकल्याची बातमी आली. त्या दिवशी मात्र मोतीबागेत दहा मिनिटं शांतता होती. अमेरिकेत झळकलेल्या गोष्टीला थिल्लर म्हणावं की नाही, याबद्दल कुणालाच खात्री नव्हती. कारण निम्म्यांची मुलं तिकडेच आहेत.

या मंडळींची मुख्य तक्रार अशी की गाण्यात अर्थ नाही. बाई नटूनथटून येते आणि आपल्या माणसाला फोटो काढायला सांगते, यात काव्य ते काय? मी म्हणतो, याहून खरी गोष्ट मराठी संसारात दुसरी दाखवा! साठ वर्षांच्या संसारात ज्या गृहस्थानं बायकोचा एक फोटो धड काढला नाही (काढला त्यात डोकं नाही), त्यानं या गाण्यात अर्थ नाही म्हणावं, हे मला समजू शकतं. त्याच्या पत्नीचं मत मात्र अजून कुणी विचारलेलं नाही. साडी, शालू, पैठणी मागण्यावर आमच्या शाहिरांनी पिढ्यान्‌पिढ्या लावण्या रचल्या. त्यांतलाच होनाजी. त्याची भूपाळी १९५१ च्या ‘अमर भूपाळी’ सिनेमानंतर घरोघरी देवासमोर वाजू लागली. म्हणजे लावणीवाला आपल्याला चालतो, फक्त तो मरून शंभरेक वर्षं झालेली असावीत. संजू राठोडनं एवढी घाई का करावी, असा प्रश्न आहे.

“आणि गाणं कसं भावगीतासारखं असावं हो!” असा एक सुस्कारा नेहमी येतो. सुस्कारा सोडणाऱ्यांनी जरा एस. टी. पकडून सिंदखेडराजावरून मेहकरला जाऊन यावं. तिथं ना. घ. देशपांडे नावाचे एक वकील राहत. त्यांची ‘शीळ’ ही कविता गोविंदराव जोशी यांनी १९३२ च्या सुमारास एच.एम.व्ही.च्या तबकडीवर गायली, आणि मराठी भावगीताची सुरुवात या तबकडीपासून सांगतात. म्हणजे भावगीत जन्मलं तेच मुळी सुटं गाणं म्हणून. त्याला ना नाटक होतं, ना बोलपट. गायकही वकिलीची परीक्षा दिलेलाच. अशिलांचं काय झालं ते गाण्याच्या इतिहासात नाही. गाण्याचा विषय कोणता, तर रानात घुमलेली शीळ आणि ती ऐकून कासावीस झालेली मुलगी! नाट्यपदांच्या ताना ऐकून तयार झालेल्या त्या वेळच्या कानांना हे किती भारदस्त वाटलं असेल, याचा विचार ज्याचा त्यानं करावा. गाणं तीन-साडेतीन मिनिटांचंच का, तर तबकडीच्या एका बाजूवर तेवढंच मावत होतं. आज मोबाइलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीसाठी गाण्याचं तोंड आधी घडवतात म्हणून आपण कपाळाला हात लावतो. आपल्या आवडत्या भावगीताचंही माप कंपनीच्या यंत्रानंच घेतलं होतं. शिंपी बदलला, एवढंच.

रसिकतेचं सरकारी खातं काढूनही आपण पाहिलं आहे. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. चांगला विद्वान मराठी माणूस. सिनेसंगीतानं अभिरुची बिघडते म्हणून त्यांनी आकाशवाणीवरून ते जवळजवळ हद्दपार केलं. देशाची अभिरुची मग काय करती झाली? तिनं काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावलं! शेवटी १९५७ मध्ये विविध भारती काढून सरकारनंच ती गाणी घरी परत आणली. त्या वेळी वाया गेलेली पिढी म्हणजेच आज मोतीबागेत फिरणारी आमची मंडळी. ‘जुनी सोनेरी गाणी’ म्हणून ती जी गुणगुणतात, ती याच बंदीत सापडलेली होती.

आणखी एक गंमत. १९८४ मध्ये मुंबईत रॉक मशीन नावाचा बँड निघाला, १९९३ मध्ये तो इंडस क्रीड झाला. त्यांचं ‘प्रिटी चाइल्ड’ हे गाणं परदेशी वाहिनीवर गाजलं. उत्तम वाजवत, यात शंका नाही. पण त्यांच्याबद्दल “काय हो मेहनत!” असं म्हणणारे माझे एक स्नेही संजू राठोडबद्दल “काय हो थेरं!” म्हणतात. मी कारण विचारलं. पहिल्यातले शब्द त्यांना कळले नव्हते.

माझ्याही तक्रारी आहेत. यंत्रातून इस्त्री करून काढलेला तो आवाज मला सोसत नाही. एक गाणं चाललं की त्याच साच्यातून आणखी डझनभर काढायचा जो सपाटा सगळीकडे सुरू होतो, तोही नको वाटतो. आणि कोट्यवधींनी पाहिलं म्हणून गाणं थोर, हे गणित मला मान्य नाही. तसं असतं तर आमच्या बसस्टँडवरची सूचनांची घोषणा हे मराठवाड्यातलं सर्वश्रेष्ठ गायन ठरलं असतं. पण ही तक्रार गाणं पुरतं ऐकून केलेली आहे. मोतीबागेतल्या एकानंही ते शेवटपर्यंत ऐकलेलं नाही, हे मी त्यांना विचारून ठेवलं आहे.

त्यांनी खरोखर ऐकलाय तो भोंगा. ट्रकवर रचलेल्या भिंती, त्यांतून येणारा तो दणका, खिडकीची थरथरणारी तावदानं आणि छातीवर हात धरून बसलेली म्हातारी माणसं. हा त्रास खरा आहे, मीही भोगतो. पण त्या भिंतीतून भीमसेनांचा अभंग लावला तरी तावदानं थरथरणारच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा भोंग्याला बंदी आहे, सणासुदीचे मोजके दिवस सोडून. हे आमच्या मंडळींना तोंडपाठ आहे, कारण त्यांत निवृत्त नायब तहसीलदार दोन आहेत. मग मिरवणुकीपुढे जाऊन कुणी बोललं का? छे! मिरवणूक वॉर्डातल्या पुढाऱ्याची असते, वर्गणीची पावती आपण मुकाट्यानं फाडलेली असते, आणि पुढारी भेटला की “छान झाला हं कार्यक्रम” असं म्हणायचं असतं. पुढाऱ्याला बोलायची छाती नाही, ट्रकवाल्याला बोलायची नाही. मग उरतं कोण? खानदेशातल्या खेड्यातला एक पोरगा. तो काही मोतीबागेत येऊन जाब विचारणार नाही. त्याला शिव्या देणं प्रकृतीला मानवतं, पचनही सुधारतं.

आमच्या बाजूच्या आळीत गेल्या लग्नसराईत रात्री साडेअकरापर्यंत दणका चालू होता. दुसऱ्या दिवशी मोतीबागेत पाऊण तास चर्चा झाली ती मराठी भाषेच्या ऱ्हासावर. पोलिसांचा ११२ हा क्रमांक प्रत्येकाच्या खिशात होता. तो फिरवा, रात्रीच फिरवा. आवाज किती आणि वाजले किती, एवढंच तिथं विचारतात. साडीच्या रंगाची नोंद होत नाही.