स्थळी बसून केलेले रेखाटन : वऱ्हाडच्या शहरांच्या निमित्ताने

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासात 'शब्दचित्र', 'व्यक्तिचित्र', 'रेखाचित्र' या संज्ञा आपण सर्रास वापरतो. चित्रकलेकडून त्या उसन्या घेतल्या आहेत याचा मात्र आपल्याला विसर पडलेला असतो. चित्रकाराच्या लेखी रेखाटन ही एक विशिष्ट कृती आहे : वस्तू समोर असताना, तिच्या सान्निध्यात बसून, हाताशी असलेल्या वेळात केलेली नोंद. गर्दी हलते, ऊन सरकते, समोरचा माणूस उठून जातो. तेवढ्यात जे हाती लागले ते कागदावर उतरते. ही कृती आपल्या वाङ्मयव्यवहारात जवळजवळ नाही, आणि वऱ्हाडच्या शहरांच्या बाबतीत या अभावाची मोठी किंमत आपण मोजत आहोत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आपली शब्दचित्रे मुख्यतः स्मरणातून आलेली आहेत. व्यंकटेश माडगूळकरांची 'माणदेशी माणसं' (१९४९) किंवा पु. ल. देशपांडे यांची 'व्यक्ती आणि वल्ली' (१९६२) यांचे श्रेष्ठत्व वादातीत आहे. तथापि या परंपरेने मराठी लेखकाला एक सवय लावली. माणूस दूर गेला, गाव सुटले, काळ सरला, म्हणजे मग त्याचे चित्र काढायचे. भूतकाळाचे क्रियापद आणि हळहळीचा सूर हे या प्रकाराचे गृहीत धर्मच होऊन बसले. स्वतः माडगूळकर उत्तम रेखाटने करीत असत, ही गोष्ट त्यांच्या गद्याच्या चर्चेत मात्र तोंडी लावण्यापुरतीच येते. काढणाऱ्या हाताचा लिहिणाऱ्या हाताशी काय संबंध होता, हा प्रश्न अभ्यासाचा विषय व्हायला हवा होता.

वऱ्हाडात या सवयीला आणखी एका सवयीची जोड मिळाली. उद्धव शेळके यांच्या 'धग'ने (१९६०) वऱ्हाडी बोलीला कादंबरीत जे स्थान मिळवून दिले, त्याचा सार्थ अभिमान आपण बाळगतो. पण त्यानंतर वऱ्हाड म्हणजे खेडे, वऱ्हाड म्हणजे काळी माती आणि कोरडवाहू कापूस, असे समीकरण समीक्षेने पक्के केले. ते खोटे नाही, अपुरे आहे. अमरावती आणि अकोला ही कापसाच्या व्यापारावर वाढलेली शहरे आहेत. तेथे हर्रास चालतो, अडत्या, मापारी आणि हमाल एकाच ढिगाभोवती उभे राहून मराठी, हिंदी आणि उर्दू यांच्या सरमिसळीतून व्यवहार करतात. या शहरांतच वाढलेला आपला पदव्युत्तर विद्यार्थी ललित लिहावयास बसला की कादंबऱ्यांतून वाचलेले खेडे रंगवू लागतो. रोज ज्या चौकातून तो महाविद्यालयात येतो, तो चौक त्याच्या लेखनात येत नाही. तो चौक वाङ्मयाचा विषय होऊ शकतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

वस्तुतः पाहून नोंदविण्याची परंपरा याच भूमीत आहे. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे श्रीगोविंदप्रभूंचे गाव. म्हाइंभटाने संकलित केलेल्या त्यांच्या चरित्रात हे गाव अवतारकार्याची केवळ पार्श्वभूमी म्हणून येत नाही. विहिरी, देवळे, हाट, घरांची दारे, खेळणारी पोरे आणि कामात गुंतलेल्या बायका यांच्यामधून गोविंदप्रभू हिंडतात, आणि प्रत्येक लीळा कुठल्या तरी ठिकाणी घडते. 'स्थानपोथी' तर स्थळांचीच पोथी होय. श्रीचक्रधरांचा निवास कोठे होता, देऊळ कोणत्या दिशेला, दार कोणत्या अंगाला, याची ती काटेकोर नोंद करते. सातीग्रंथांपैकी 'ऋद्धिपूरवर्णन' हे काव्य एका वऱ्हाडी गावाचे वर्णन हाच आपला विषय मानते. सांगणाऱ्यागणिक हकिगत बदलली तर तो फरकही 'वासना' म्हणून जपण्याची या परंपरेची रीत आहे. श्रद्धेपोटी झालेल्या या कामात आधुनिक क्षेत्रीय अभ्यासाची शिस्त आढळते. आता रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे. या ग्रंथांची भाषा आपण शिकवूच. त्यांची पाहण्याची रीतही शिकवावी, एवढीच अपेक्षा आहे.

चित्रकलेच्या इतिहासातही या कृतीची पाळेमुळे महाराष्ट्रात सापडतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या गंगाराम चिंतामण तांबट याने इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी वेरूळची लेणी आणि पुण्यातील दृश्ये रेखाटली. महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी मुंबईच्या रस्त्यांवरील माणसे आयुष्यभर टिपली. पोलीस आयुक्त एडवर्ड्‌स यांच्या मुंबईविषयीच्या १९१२ च्या पुस्तकात त्यांचीच चित्रे आहेत. अलीकडे, २००७ साली, सिअ‍ॅटल येथील वृत्तपत्र-चित्रकार गॅब्रिएल कँपानारियो यांनी शहरे स्थळी बसून रेखाटणाऱ्यांना एकत्र आणले. प्रत्यक्ष पाहून काढावे, काळ आणि स्थळ यांची नोंद राहावी, पाहिलेल्याशी प्रामाणिक राहावे, असे त्यांचे साधे नियम आहेत. ते वाचताना 'स्थानपोथी'च्या अभ्यासकाला फारसे नवल वाटू नये.

अशा रेखाटनातून काय हाती येते, हे अकोल्याच्या कावडयात्रेवरून पाहता येईल. श्रावणाच्या अखेरच्या सोमवारी शिवभक्त गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी खांद्यावर घेऊन अकोल्यास येतात आणि ग्रामदैवत राजराजेश्वराला जलाभिषेक करतात. वृत्तपत्रांत दरवर्षी भाविकांची संख्या, भरण्यांची संख्या आणि मान्यवरांची नावे येतात. रस्त्याच्या कडेला वही घेऊन बसणाऱ्याला वेगळेच दिसेल. खांदा बदलताना कोण कोणाला कसा इशारा करतो? चालीचा ठेका कोण धरतो, आणि तो चुकला तर भरणी कशा हेलकावतात? पहाटे पाणी, चहा, फराळ घेऊन कोणत्या वस्तीतले लोक उभे असतात? उत्सव हा एक श्रमव्यवहार आहे, ही गोष्ट आकडेवारीतून कळत नाही. वाकलेला खांदा काढताना मात्र ती ध्यानी आल्यावाचून राहत नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो छायाचित्राचा. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असताना पेन्सिलीचा किंवा टिपणवहीचा खटाटोप कशासाठी? छायाचित्राचे मोल नाकारण्याचे कारण नाही. परंतु ते क्षणात निघते, आणि काढणारा पुढे निघून जातो. रेखाटणाऱ्याला अर्धा-पाऊण तास एका जागी बसावे लागते. एवढ्या वेळात लोक त्याच्याजवळ येतात, वहीत डोकावतात, चूक दाखवतात, नाव सांगतात. शिवाय सगळेच काढता येत नसल्यामुळे त्याला निवड करावी लागते, आणि काय वगळले हे त्याचे त्यालाच ठाऊक असते. भाषेच्या अभ्यासकाला याहून चांगली शाळा नाही. वर्णनातले प्रत्येक विशेषण हीसुद्धा अशीच एक निवड असते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो या लेखाच्या भूमिकेवरच उलटू शकतो. स्थळी बसणारा बसतो कोठे? अमरावतीच्या अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा यासाठी १९२७ साली चळवळ उभी राहिली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली या शहरात परिषद भरली. त्याआधीच्या एखाद्या नवरात्रात कोणी सभामंडपात बसून तेथील गर्दी प्रामाणिकपणे रेखाटली असती, तर ते चित्र हुबेहूब ठरले असते. त्यात एकही रेघ खोटी नसती, आणि तरीही शहराचा एक मोठा भाग त्यात नसता. गंगारामाची चित्रेही एका परकीय अधिकाऱ्याच्या कुतूहलासाठी निघाली, हे विसरून चालणार नाही. तेव्हा प्रत्यक्ष पाहिले म्हणून ते पुरे, असा दावा करता येत नाही. पण यावर उपाय पाहणे सोडण्याचा नव्हे. आपण कोठे बसलो, कोणाच्या परवानगीने बसलो आणि तेथून काय दिसत नव्हते, हे चित्राच्याच कडेला लिहावे. स्मरणातून आलेल्या शब्दचित्रात लेखकाची ही जागा झाकून राहते. स्थळी केलेल्या रेखाटनात ती सांगण्याची सोय तरी आहे.

विलंबाचे परिणाम आपण पाहिलेच आहेत. यवतमाळ, मूर्तिजापूर आणि अचलपूर यांना जोडणाऱ्या 'शकुंतला' या अरुंद मापाच्या गाडीचे वाफेचे इंजिन १५ एप्रिल १९९४ रोजी निवृत्त झाले, आणि पुढे गाडीही बंद पडली. तिच्याविषयी आज हळहळीचे लेखन भरपूर होते. परंतु गाडी चालू असताना तिच्या एका डब्यात दुपारी कोण बसत असे, कोणते ओझे कोठे ठेवले जाई, स्थानकावर उतरणारी बाई कोणत्या बोलीत कोणाला हाक मारी, याच्या नोंदी आपल्या विभागांतून किती झाल्या? ज्यांच्या दारावरून ती गाडी अनेक दशके गेली त्या महाविद्यालयांत मराठीचे वर्ग रोज भरत होते.

म्हणून एक माफक सूचना करावीशी वाटते. पदव्युत्तर अभ्यासक्रमातील क्षेत्रकार्यात स्थळ-रेखाटनास स्थान द्यावे. विद्यार्थ्याने आपल्या शहरातील एकच जागा निवडावी : अमरावतीच्या परकोटाचे एखादे द्वार, अकोल्याचा भाजीबाजार, मोर्णेचा काठ, बडनेऱ्याचा फलाट. तेथे वेगवेगळ्या वेळी तीनदा बसावे. चित्रकला येत नसेल तर शब्दांत, पण तेथेच बसून लिहावे. तारीख, वेळ आणि बसण्याची जागा नोंदवावी. ऐकलेली वाक्ये प्रमाण मराठीत न बदलता जशीच्या तशी घ्यावीत. शेवटी ते लेखन ज्यांच्याविषयी आहे त्यांना वाचून दाखवावे, आणि त्यांनी सुचविलेल्या दुरुस्त्या मूळ मजकुराशेजारी ठेवाव्यात. शिक्षकाने मूल्यमापन करताना शैलीपेक्षा या दुरुस्त्यांकडे अधिक लक्ष द्यावे.

यातून लगेच मोठे वाङ्मय निर्माण होईल असा भ्रम कोणी बाळगू नये. पण दहा वर्षे हे काम नेटाने चालले, तर वऱ्हाडच्या शहरांविषयी बोलताना पुढच्या अभ्यासकापुढे कादंबऱ्यांतील उताऱ्यांखेरीज आणखी काही साधने असतील, आणि ती कोणी, कोठे बसून तयार केली हेही त्याला कळेल.