आठवणींची वाट नाकातून

आजी-आजोबा विसरू लागले की आपण ‘म्हातारचळ’ म्हणून हसतो आणि मोकळे होतो. हे योग्य नाही.

नाकात वरच्या बाजूला गंध ओळखणाऱ्या पेशी असतात. त्यांचा संदेश मेंदूतील भावना व स्मृती सांभाळणाऱ्या भागांपर्यंत अगदी जवळच्या वाटेने पोचतो. म्हणूनच एखाद्या वासाने जुनी आठवण चटकन जागी होते. उलट, अल्झायमरच्या विकारात वास ओळखण्याची शक्ती बरेचदा आधीच मंदावते.

या वाटेनेच उपाय शोधणे चालू आहे. जपानमधील शास्त्रज्ञांचा असा एक प्रयोग २०२५ साली प्रसिद्ध झाला. ६३ ते ९० वयाच्या ३० जणांनी आभासी जगातला खेळ खेळला. डोळ्यांवर पडद्याचा चष्मा चढवून, घेतलेला वास लक्षात ठेवायचा आणि तोच पुन्हा शोधायचा! वीस मिनिटांनंतर काही चाचण्यांत त्यांची कामगिरी सुधारली. मात्र प्रयोग लहान आहे. त्याला औषध म्हणणे घाईचे होईल.

पण वास हुंगायला यंत्र कशाला हवे? अंबड-घनसावंगीच्या शेतकऱ्याच्या आठवणी मोसंबीच्या बहराशी जोडलेल्या असणार, परक्या अत्तराशी नव्हे. मोसंबीची साल, ओवा, मेथी घ्या. आजोबांना डोळे मिटून ओळखू द्या, त्यामागची हकिकत विचारा. शिक्षकांनी या हकिकती मुलांकडून वहीत उतरवून घ्याव्यात.

वास येईनासा झाला किंवा विसरणे वाढले, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. हसण्यात वेळ घालवू नका.