तळपाय उलटून पाहा



बैलाच्या खुराबद्दल, लाळ्या-खुरकुताबद्दल आणि कोंबडीच्या तळव्याला होणाऱ्या गळवाबद्दल या सदरात आपण पूर्वी बोललो आहोत. आज ज्याच्या पायाबद्दल लिहितो आहे तो प्राणी जेमतेम किलोभर वजनाचा. दूध नाही, अंडी नाहीत, ओढकाम नाही. काही वाचक हसतील. खुशाल हसा. पण हल्ली शहरातला मामा किंवा आत्या भाच्यांना खाऊऐवजी गिनिपिग आणून देते, आणि मग त्या मुक्या जिवाचे करायचे काय हा प्रश्न घरातल्या बाईमाणसावर येऊन पडतो. शिवाय या बाबतीत एक चूक माझ्या हातूनही झाली आहे. ती सांगून टाकावी म्हणतो.

मागच्या पावसाळ्यात एका गावी तुरीचे शेंडे खुडण्याचे प्रात्यक्षिक होते. ते उरकून ओसरीवर चहा घेत होतो, तेवढ्यात घरातली सहावीतली मुलगी पदराखाली झाकावे तसे ओढणीखाली काहीतरी घेऊन आली. तपकिरी-पांढरा गिनिपिग. नाव चिंगी. मुलगी म्हणाली, "साहेब, ही मागचा डावा पाय टेकवताना थांबते." मी म्हटले, सोड बघू खाली. सोडल्याबरोबर चिंगीने तव्यावरच्या लाहीसारखी जागच्या जागी उसळी घेतली, मग दुसरी, मग अंगणभर धूम. या प्राण्याची आनंदाची तऱ्हाच ती. मी हसून म्हणालो, "अगं पोरी, एवढ्या उड्या मारणाऱ्याला काय धाड भरली आहे?" मुलगी गप्प झाली. माझा चहा संपला होता, मी निघालो.

पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो तेव्हा चिंगी कोपऱ्यात अंग फुगवून बसली होती. तिला उलटे धरून पाहिले, तर मागच्या डाव्या तळव्यावर टाचेपाशी वाटाण्याएवढी लाल सूज आणि वर काळी खपली. उजवा तळवाही गुलाबी सोडून लालबुंद होऊ लागलेला.

गोष्ट अशी आहे मंडळी, की गिनिपिग हे शिकारीचे जनावर आहे, म्हणजे दुसऱ्यांनी त्याची शिकार करावी असे. रानात जो लंगडताना दिसतो तो आधी मरतो. म्हणून दुखणे लपवायचे हे त्याच्या रक्तातच आहे. बैल लंगडला की आपल्याला शेताच्या बांधावरून दिसते. हा मात्र दुखऱ्या पायाने उड्या मारतो, आणि खेळायचा थांबतो तेव्हा दुखणे बरेच पुढे गेलेले असते. सूज, मग जखम, मग पू, आणि तरीही दुर्लक्ष झाले तर जंतू स्नायूबंधात आणि हाडात उतरतात. तिथवर गेलेला पाय बरा करणे डॉक्टरांनाही कठीण जाते.

आता कारण. चिंगीला ठेवले होते कोंबडीच्या जुन्या खुराड्यात. तळाला तारेची जाळी, म्हणजे लेंड्या खाली पडतात आणि स्वच्छ राहते, असा मुलीच्या वडिलांचा हिशेब. हिशेब वाईट नव्हता, पण गिनिपिगच्या तळव्याला ना खूर असते, ना सशासारखी दाट लव. नुसती कातडी. पुढे चार बोटे, मागे तीन, आणि सगळा भार या उघड्या तळव्यांवर. तार रुतते, कातडी सोलते, तिथून जंतू शिरतात. जाळी टोचते असे वाटून आजींनी वर गोणपाट टाकले होते. माया खरी, पण गोणपाट खरखरीत आणि मुताने ओले राहणारे. ओली कातडी लवकर फाटते हे भातलावणी करणाऱ्या बायकांना मी काय सांगावे! त्यातून नखे वाढून वाकडी झालेली, त्यामुळे पाऊल सरळ पडत नव्हते. आणि अंगाने चिंगी चांगली गुबगुबीत. चपातीचे तुकडे, भिजवलेले हरभरे, कधी बिस्कीट. वजन वाढले की तळव्यावरचा भार वाढला.

आणखी एक गोष्ट कमी पडली होती, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. बहुतेक जनावरे क जीवनसत्त्व आपल्या शरीरातच तयार करतात. गाय करते, शेळी करते, कुत्रा करतो. माणूस करू शकत नाही, आणि गिनिपिगही नाही. नॉर्वेमध्ये १९०७ साली होल्स्ट आणि फ्रोलिख या दोघांनी गिनिपिगना नुसत्या धान्यावर ठेवले तेव्हा त्यांना खलाशांना होतो तसा स्कर्व्ही झाला, आणि त्यातून पुढे क जीवनसत्त्वाचा शोध लागायला मदत झाली. हे जीवनसत्त्व नसले की जखम भरत नाही. म्हणजे मलम कितीही लावा, आतून साथ नाही.

उपाय आपल्या परसात आहे. किलोभर वजनाच्या गिनिपिगला रोज १० ते ३० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पुरते. जखम असताना डॉक्टर जास्त सांगतात. पेरूची सुपारीएवढी फोड आणि मूठभर कोथिंबीर दिली की काम झाले. आवळ्यात तर ते भरपूर, पण आंबट म्हणून काही जण तोंड फिरवतात. गंमत पाहा, गिनिपिग मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. पेरू देशात लोक त्याला हजारो वर्षे चुलीपाशी पाळत आले आहेत, मात्र खाण्यासाठी. (हे त्या मुलीला सांगू नका. मी सांगितले आणि दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.) पेरू देशच्या पाहुण्याला आपण पेरूच खाऊ घालायचा. पाण्यात गोळी विरघळवून ठेवण्यात मात्र अर्थ नाही. पाण्यात हे जीवनसत्त्व लवकर नासते.

मुख्य आहार वाळलेले गवत. मारवेल, पवन्या, बांधावरची स्वच्छ हरळी, जे असेल ते, चोवीस तास समोर हवे. त्याचे दात जन्मभर वाढतात, ते झिजायला गवत लागते. लसूणघास आपल्याकडे असतो म्हणून भारे टाकू नका. त्यात चुना जास्त, मोठ्या जनावराला मूतखडा होतो. फवारणी केलेल्या पिकाचा पाला तर चुकूनही नको.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी एवढे लिहिले, ती. त्या दिवशी शेजारचे एक गृहस्थ मदतीला धावले. त्यांच्या गाईची कास सुजली होती, तेव्हाची कासेत सोडायची अर्धी ट्यूब शिल्लक होती. "पेनिसिलीन आहे, लावा, चार दिवसांत खणखणीत." त्यांचा हेतू चांगलाच होता. मी शेतकीचा पदवीधर, जनावरांचा डॉक्टर नव्हे. पण एव्हाना एकदा चुकलो होतो, म्हणून म्हटले, आधी विचारू. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर पलीकडून जवळजवळ ओरडलेच, "लावू नका!"

पेनिसिलीन, अँपिसिलीन, अमॉक्सिसिलीन ही औषधे माणसाला आणि गाईला तारतात, गिनिपिगला मारतात. गाईच्या पोटात चारा पचवणारे जंतू असतात, तसे याच्या आंधळ्या आतड्यात असतात. ही औषधे तोंडावाटे गेली की ते उपयोगी जंतू मरतात, विषारी जंतू माजतात, हगवण लागते आणि थोड्याच दिवसांत जनावर जाते. तळव्याला लावले तरी ते चाटणारच, म्हणजे पोटात गेलेच. घरोघरी फळीवर अमॉक्सिसिलीनची उरलेली पाकिटे असतात, म्हणून हे ठळक सांगतो. घरातल्या मुलांनाही सांगून ठेवा. जनावर तीच पोरे सांभाळतात आणि पोटतिडकीने औषधही तीच देतात.

डॉक्टरांनी दुसऱ्या जातीचे प्रतिजैविक आणि वेदना कमी करणारे पातळ औषध वजन करून थेंबांनी दिले. नावे मुद्दाम लिहीत नाही. मात्रा वजनावर असते, आणि लिहिले की कोणीतरी अंदाजाने देईल. घरी करायचे काम असे होते: दिवसातून दोनदा कोमट पाण्यात पाय बुडवून घाण सुटी करायची, मऊ फडक्याने टिपून कोरडा करायचा आणि डॉक्टरांनी दिलेले पातळ केलेले जंतुनाशक लावायचे. खपली ओढायची नाही. आजींची हळद-तेलाची सूचना आम्ही बाजूला ठेवली. हळद वाईट नव्हे, पण तेलकट पायाला सगळा कचरा चिकटतो.

खुराड्याची जाळी काढून फळी ठोकली. तिच्यावर आजींच्या जुन्या सुती लुगड्याची चार पदरी घडी आणि वर मऊ गवत. लुगडे रोज बदलायचे, धुऊन उन्हात वाळवायचे. कडे शिवून घ्या, नाहीतर सुटा दोरा बोटाला गुंडाळतो आणि बोट काळे पडते. गव्हाचा काड किंवा कडब्याची कुट्टी अंथरायला नको, ती टोचते. नखे मात्र डॉक्टरांकडून एकदा कापून घेतली आणि मुलीच्या आईने पाहून शिकून घेतली. नखाच्या आत रक्ताची शीर असते, तेवढी सोडून टोक कापायचे.

पाय बरा व्हायला अडीच महिने लागले. मधे एकदा चिंगीने दिवसभर गवताला तोंड लावले नाही, तेव्हा मुलीच्या वडिलांनी सोयाबीनची मळणी मजुरांवर सोडून मोटारसायकलवर खोके बांधून तालुका गाठला. गावात थट्टा झाली. पण गिनिपिग दिवसभर उपाशी राहिला की आतडी बंद पडतात, उद्यावर ढकलता येत नाही. त्यांनी केले ते बरोबर केले. डाव्या तळव्यावर अजून एक घट्टा आहे, तो राहील असे डॉक्टर म्हणतात. मुलगी दर रविवारी दोन्ही तळवे पाहते आणि किराणा दुकानातल्या काट्यावर वजन करून वहीच्या शेवटच्या पानावर मांडते.

परवा हरभऱ्यावरची घाटे अळी पाहायला त्या गावी गेलो होतो. चिंगी अंगणात लाहीसारखी उडत होती. मी म्हटले, "वा, छान आहे की आता!" मुलीने तिला उचलले, पोट वर करून माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "तसं नाही साहेब. उलटी करून बघा, मग सांगा."