आज कोणाचा वारो?

गोत्री तलावापासून चालत पाच मिनिटांवर आमची सोसायटी आहे. तिच्या तळमजल्यावरच्या खोलीत दर रविवारी संध्याकाळी सहाला दोन सतरंज्या अंथरल्या जातात. गुडघेदुखीवाल्यांसाठी भिंतीला लागून सहा-सात खुर्च्या, खिडकीपाशी एक स्पीकर. दाराच्या मागच्या बाजूला एक कागद चिकटवला आहे, त्यावर नावं आणि त्यांपुढे तारखा. चपला काढता काढताच प्रत्येक जण विचारतो, ‘‘आज कोणाचा वारो?’’ वारो म्हणजे पाळी. गुजराती शब्द, पण आम्हा बडोदेकरांच्या मराठीत तो इतका मुरलाय की घरात पोळ्या लाटण्याचाही वारोच असतो.

आमचा श्रवणगट सुरू झाला तो एका पाहुण्यामुळे. २०१८ च्या फेब्रुवारीत ९१ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बडोद्यात भरलं, तेव्हा घरोघरी पाहुणे उतरले होते. आमच्याकडे आलेल्या काकांनी रात्री जेवताना सहज विचारलं, ‘‘तुम्ही फैयाज खाँसाहेबांच्या गावात राहता. त्यांचं काय काय ऐकलंय?’’ मी दोन रागांची नावं घेतली आणि थांबले. शेजारचे भाऊ, रिफायनरीतून निवृत्त झालेले, तंबोरा लावून रियाज करणारे, त्यांच्याही यादीत तिसरं नाव येईना. त्या शांततेची मला फार लाज वाटली. आठवड्याभरात आम्ही सहा जण सतरंजीवर बसलो.

बडोद्याला गाण्याचा तुटवडा कधीच नव्हता. सयाजीराव महाराजांच्या आश्रयानं मौलाबक्षांनी १८८६ मध्ये इथे गायनशाळा काढली. सुरसागराच्या काठावर आज विद्यापीठाचा जो संगीत-नाट्य विभाग आहे, त्याचं मूळ तेच. मौलाबक्षांचे नातू इनायत खाँ १८८२ साली याच गावात जन्मले आणि पुढे सूफी विचार आणि गाणं घेऊन युरोप-अमेरिकेत गेले. १९१६ च्या मार्चमध्ये भातखंड्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली तीही बडोद्यातच. बावीस श्रुतींवरून तिथे केवढा वाद झाला! आणि फैयाज खाँ. आग्रा घराण्याचा तो रुंद, खर्जात घुमणारा आवाज दरबारी गायक म्हणून बडोद्यात राहिला आणि ५ नोव्हेंबर १९५० ला इथेच शांत झाला. संस्थानात ‘कलावंत कारखाना’ नावाचं खातंच होतं. गवई, बीनकार, सारंगिये, सनईवाले सगळे त्याच्या पगारावर असत.

गाणाऱ्याला असं दरबारानं सांभाळलं. ऐकणाऱ्याला सांभाळणारं खातं मात्र तेव्हाही नव्हतं आणि आजही नाही. ते काम ऐकणाऱ्यांनी एकमेकांसाठी करायचं असतं, असं मला या सात-आठ वर्षांत पक्कं वाटू लागलंय. पूर्वी ते आपोआप व्हायचं. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांत मराठी वाडे एकमेकांना टेकून होते. एका घरात ग्रामोफोन लागला की चार घरांत गाणं पोचायचं. तिथली कितीतरी कुटुंबं गेल्या तीस-चाळीस वर्षांत पश्चिमेला, गोत्री-वासणा-भायलीकडे आली. फ्लॅट मिळाला, हवा-उजेड मिळाला, पण भिंतीपलीकडून येणारी तबकडी मिळाली नाही.

पहिलं वर्ष उत्साहात गेलं. दुसऱ्या वर्षी गळती लागली. कारणं शोधायला फार लांब जावं लागलं नाही. आमच्यातले जाणकार बोलायला लागले की पाऊण तास बोलत, आणि गाणं वाजायचं दहा मिनिटं. जे नवखे होते ते गप्प बसत आणि पुढच्या रविवारी येत नसत. दुसरं कारण व्हॉट्सअॅप. कुणी किशोरीताई पाठवायचं, त्याखाली कुणी मल्लिकार्जुन, त्याखाली तिसरा तीन तासांची अख्खी मैफल. दिवसाला वीस-पंचवीस दुवे. ‘वा वा’ करणारे जोडलेले हात आणि अंगठे खाली जमायचे, पण प्रत्यक्ष भेटल्यावर विचारलं तर ऐकलेलं कुणीच नसायचं. हाताशी सगळं आहे म्हटल्यावर माणूस ‘उद्या ऐकू’ म्हणतो. मीही तेच करत होते. त्यात तेव्हा ज्या सभागृहात बसायचो, त्यांनी ती जागा काढून घेतली आणि मग टाळेबंदी आली. घरोघरी बसून एकाच वेळी ऐकायचा प्रयत्न केला, पण कुणाची सम आधी, कुणाची नंतर. दाद द्यायची तरी कशावर?

पुन्हा बसलो तेव्हा चौघंच होतो. त्या चौघांनी ठरवलं ते सोपं होतं. प्रत्येकाचा वारो. ज्याचा वारो त्यानं एकच ध्वनिमुद्रण आणायचं. त्यानं पाच मिनिटांवर बोलायचं नाही. आधी शांत ऐकायचं, मग बोलायचं, आणि मग तेच पुन्हा ऐकायचं. चहा दुसऱ्या ऐकण्यानंतर.

हे दुसऱ्यांदा ऐकणं सुरुवातीला सगळ्यांच्या जिवावर आलं. ‘‘आत्ताच तर ऐकलं, आता दुसरं लावा ना,’’ असं जो तो म्हणे. ज्या दिवशी ते पटलं, तो दिवस मला चांगला आठवतो. भाऊंचा वारो होता. त्यांनी फैयाज खाँसाहेबांची जयजयवंतीची जुनी तबकडी आणली, म्हणजे तिच्यावरून उतरवून घेतलेलं मुद्रण. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू, तीन-सव्वातीन मिनिटांची. आधी खरखर, मग आवाज. जयजयवंतीत गंधार दोन आहेत, शुद्ध आणि कोमल. त्यातला कोमल गंधार दोन रिषभांच्या मधोमध येतो, रे ग॒ रे असा, आणि आला आला म्हणेपर्यंत जातो. भाऊंनी पेटीवर तेवढी जागा दोनदा वाजवून दाखवली आणि म्हणाले, ‘‘हा कानाला लागला की हात वर करा. बोलू नका.’’

पहिल्या खेपेला दोनच हात वर झाले, आणि त्यातला एक चुकीच्या जागी. दुसऱ्या खेपेला सात. त्या दिवशी आमच्याच मजल्यावरच्या एक गुजराती बेन पहिल्यांदाच आल्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, आयुष्यभर गरब्याशिवाय काही न गायलेल्या. दाराशी खुर्ची घेऊन बसल्या होत्या. दुसरं ऐकणं संपलं, कुणीतरी चहाला उठलं, तेवढ्यात त्या म्हणाल्या, ‘‘फरी मूको ने.’’ पुन्हा लावा ना. आम्ही तिसऱ्यांदा लावलं. डोळे मिटून, मान थोडी तिरकी करून त्या बसल्या होत्या, आणि बरोबर त्या जागेला त्यांचा हात मांडीवरून बोटभर उचलला गेला. खोलीतले अकरा हात त्यांच्याबरोबर वर आले. चहा निवून गेला होता.

तेव्हापासून आम्ही फार विद्वत्ता न करता, पण नेटानं एकेक धागा धरून ऐकतो. एकदा ‘बडोदेकर’ हे आडनावच धरलं. अब्दुल करीम खाँ तरुणपणी इथे दरबारी गायक होते. ताराबाई माने त्यांना इथेच भेटल्या आणि दोघं बडोदं सोडून निघून गेली. त्यांची मुलगी हिराबाई १९०५ साली मिरजेला जन्मली, तरी पुढे ती हिराबाई बडोदेकर म्हणून गाजली. सोडलेलं गाव आडनावात राहिलं. चार रविवार आम्ही त्या एका घरातली माणसं ऐकली: वडील, मग सुरेशबाबू माने, मग हिराबाई, मग सरस्वती राणे. सुरेशबाबूंचं मुद्रण फार थोडं मिळतं, म्हणून ते तीनदा ऐकलं. पाचव्या रविवारी एका तरुण मुलानं आपणहून प्रभा अत्रे आणल्या, कारण त्या सुरेशबाबू आणि हिराबाई दोघांकडे शिकल्या होत्या. पाठीमागे ऐकलेल्या चार आठवड्यांमुळे त्यांचा मारूबिहाग मला वेगळाच ऐकू आला. एखादा स्वर लांबवताना त्यांचा आवाज जिथे हलका होतो, तिथे मला हिराबाई दिसल्या.

ऐकलेलं लिहून ठेवायची सवय मात्र आम्हाला दुसऱ्यांकडून लागली. १९९० साली मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही जुन्या तबकड्या जपणाऱ्यांची संस्था सुरू झाली. ही मंडळी नुसत्या तबकड्या गोळा करून कपाटात ठेवत नाहीत. एकत्र बसून ऐकतात आणि ‘द रेकॉर्ड न्यूज’ या आपल्या अंकात तबकडीवरचं लेबल, क्रमांक, गायकाचं नाव सगळं बारकाईनं नोंदवतात. सोलापुरातही त्यांची मंडळी मनापासून हे करत आली आहेत. ते वाचून आम्ही एक दोनशे पानी वही घेतली. तारीख, वारो कोणाचा, काय ऐकलं, आणि ज्याला जे वाटलं ते एका ओळीत. ‘आज तानेपेक्षा थांबणं आवडलं.’ ‘मला झोप लागली, पण शेवटी जाग आली ती सुरानं.’ ‘तबला फार लांबून येतो, गल्लीच्या टोकाला वाजत असल्यासारखा.’ अशा ओळी.

२०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदी गावात शिरली तेव्हा ही वही नदीकाठच्या एका काकूंकडे होती. त्यांच्या घरात कमरेएवढं पाणी. पाणी ओसरल्यावर त्यांनी भांडीकुंडी, धान्य, गाद्या बाहेर काढल्या आणि दुसऱ्या दिवशी मला फोन केला, ‘‘वही भिजलीय, पण पानं सुटी करून वाळत घातलीत.’’ दोरीवर चिमट्यांनी लावलेली ती पानं मी पाहिली. शाई पसरलेली, कडा तपकिरी. त्यांच्या घरात तेव्हा वीजही आलेली नव्हती. मला काही बोलता आलं नाही. पुढचे तीन रविवार आमच्यातले जमतील तेवढे जण त्यांच्याकडे चिखल उपसायला गेले. चौथ्या रविवारी गाणं त्यांच्याच घरी, ओल आलेल्या भिंतींमध्ये झालं. वारो त्यांचा नव्हता, पण त्या दिवशी त्यांनाच दिला. त्यांनी हिराबाई लावल्या.

दर वर्षी ५ नोव्हेंबरच्या आसपासचा रविवार खाँसाहेबांचा असतो. २००२ च्या दंगलीत याच शहरात त्यांच्या मजारीची विटंबना झाली होती. आमच्यातले बरेच जण तेव्हा इथेच होते आणि त्या दिवसांबद्दल कुणी सहसा बोलत नाही. त्या रविवारी प्रास्ताविकाची पाच मिनिटंही कुणी घेत नाही. आकाशवाणीसाठी त्यांनी गायलेला एखादा राग लावतो, त्यातली सुरुवातीची नोमतोम आलापी, आणि मग तीच पुन्हा.

आता यादीत अठरा नावं आहेत. वारो साधारण चार महिन्यांनी येतो, म्हणजे निवडायला पुरेसा वेळ मिळतो. गेल्या आठवड्यात दाराआडचा कागद संपला म्हणून मी नवा आखला, तर त्या बेननी पेन मागून घेतलं आणि रिकाम्या ओळीत गुजराती अक्षरांत आपलं नाव स्वतः लिहिलं. येता रविवार त्यांचा. काय लावणार ते त्या सांगत नाहीत. परवा जिन्यात भेटल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, स्पीकर खिडकीपासून जरा आत सरकवा, बाहेर कबुतरं फार घुमतात.