रात्रभर जागी राहिलेली तार

डायल-अपची जोडणी काही मिनिटे वापरात नसली की आपोआप तुटावी, अशी सोय संगणकात असे. ती सोय करूनही जोडणी तुटत नाही, अशी तक्रार पेढीवर संगणक घेतलेल्या अनेक बंधूंकडून कानी येई. बहुतेकांचा रोख टेलिफोन खात्याकडे असे. माझा रोख प्रथम माझ्या धाकट्या मुलाकडे होता, आणि ती हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही.

मुकुटबनसारख्या गावी इंटरनेट ही चैन नव्हे. कापसाच्या हंगामात न्यूयॉर्कच्या वायदे बाजाराचा भाव पाहावा, गाठींविषयी गिरणीवाल्यांचे ई-पत्र आले असल्यास उतरवून घ्यावे, एवढ्यासाठी आम्ही तो घेतला. दुकान खाली, घर वर आणि दोहोंस मिळून टेलिफोनची तार एकच. लागोपाठ दोन बिले दुपटीहून अधिक आली. स्थानिक कॉलचा तपशील बिलात छापलेला नसे, नुसता एकूण आकडा असे. मी सर्वांत सोपे अनुमान केले: मुलगा रात्री खाली उतरून संगणकावर खेळत बसतो. त्याला नको ते बोललो. तो ‘नाही’ म्हणाला, ते मी ऐकून घेतले नाही.

पौषातल्या एका रात्री हिंगणघाटला आत्याबाईंचे देहावसान झाले. रात्री दोनपासून तिकडची मंडळी आमचा नंबर फिरवीत होती आणि प्रत्येक वेळी तो व्यस्त लागत होता. सकाळी सातला गावातल्या एस.टी.डी. बूथचा माणूस निरोप घेऊन दारी आला. आम्ही वणीमार्गे पोहोचलो तेव्हा अंत्यविधी आटोपला होता. बाबांना थोरल्या बहिणीचे अखेरचे दर्शन घडले नाही. ते मला काहीच बोलले नाहीत.

निघण्यापूर्वी मी रिसीव्हर उचलला होता. कानी डायल टोनऐवजी खरखर आली. खाली जाऊन पाहिले तर संगणकाचा पडदा काळा, पण शेजारचा डबा गुणगुणत होता आणि मोडेमचे दिवे लुकलुकत होते. मुनीमजी रोज रात्री पडद्याचे बटण तेवढे बंद करीत. तसे त्यांना मीच शिकवले होते.

आता कारण पाहू. आपण ठरवून दिलेली वीस मिनिटे संगणक माणूस उठून गेल्यापासून मोजत नाही; तारेवरून अखेरची माहिती गेल्या-आल्यापासून मोजतो. खुर्ची रिकामी आहे की भरलेली, हे त्यास कळत नाही. आमच्या संगणकातील पत्रांचा प्रोग्राम दर दहा मिनिटांनी नवे पत्र आले काय, हे स्वतःहून विचारीत होता. प्रत्येक विचारणेसरशी मोजणी पुन्हा शून्यावर जाई. दहा मिनिटांच्या पुढे ती कधी गेलीच नाही, मग वीस कोठून भरणार? रात्री नऊ ते सकाळी सात म्हणजे सहाशे मिनिटे. तीन मिनिटांस एक पल्स धरला तर २०० पल्स. पल्सला रुपया धरला तरी एका रात्रीचे दोनशे रुपये, तेही कोणी एक अक्षर न वाचता.

आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांत प्रमादचर्या आहे. प्रयोजन नसता पाणी सांडणे, अग्नी पेटवणे, वारा घालणे हे तेथील दाखले. निष्प्रयोजन चालू ठेवलेला संगणक त्या यादीत बसवावा की नाही, याचा निर्णय जाणकारांनी करावा; मला तरी तो बसलेला दिसतो.

दोष शोधण्याची रीत सोपी आहे. जोडणी करून कीबोर्डवरचा हात काढावा आणि दोन मिनिटे पाहत बसावे. मोडेम बाहेरचा असल्यास माहिती पाठवण्या-घेण्याचे दिवे पाहावेत. आतला असल्यास पडद्याच्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी दोन चिमुकले संगणक दिसत, त्यांची लुकलुक पाहावी. हात काढल्यावरही ती थांबत नसेल तर कोणीतरी आत बोलत आहे. मग एकेक प्रोग्राम बंद करीत जावे. पत्रांचा प्रोग्राम, गप्पांचा मेसेंजर, विषाणूरोधक आणि विंडोजची आपोआप होणारी दुरुस्ती हे नेहमीचे संशयित. सारे बंद करूनही दिवे थांबले नाहीत तर संगणकास बाधा झाली असे समजावे. ऑगस्ट २००३मध्ये पसरलेला ब्लास्टर हा कृमी असाच. शिरलेल्या संगणकाकडून तो अनोळखी पत्ते अखंड धुंडाळवितो.

वेळेची मर्यादा कोठे घालावी, यातही घोटाळा होतो. विंडोज ९८मध्ये ती दोन ठिकाणी असते: कंट्रोल पॅनेलमधील मोडेम्समध्ये आणि इंटरनेट ऑप्शन्समधील कनेक्शन्सच्या ॲडव्हान्स्ड भागात. दोन्ही पाहावीत. एक्स.पी.मध्ये जोडणीच्या प्रॉपर्टीजमधील ऑप्शन्सच्या पानावर ‘आयडल टाइम’ असते. तेथेच लाइन तुटल्यास पुन्हा फिरवण्याची खूण असते, ती काढून टाकावी. ती राहिली तर तुटलेली जोडणी संगणक स्वतःच पुन्हा लावतो आणि आपणांस वाटते की ती तुटलीच नाही. पत्रांच्या प्रोग्राममध्ये आपोआप तपासणीची खूण काढावी आणि पत्रे घेऊन झाल्यावर लाइन सोडण्याची खूण करावी.

मुलाची क्षमा मागण्यासाठी मी पर्युषणाची वाट पाहिली नाही. हिंगणघाटहून परतलो त्याच रात्री मागितली. तो म्हणाला, “पप्पा, मोडेमला मागे बटण आहे, तेच बंद करत जाऊ.” आमचा टेलिफोन मोडेममधूनच पुढे गेलेला आहे, तरी मोडेम बंद असता तो चालतो, हे त्याने करून दाखवले. पावसाळ्यात मात्र तेवढ्याने भागत नाही. आपल्याकडच्या विजांनी मोडेम जळतात, म्हणून गडगडाट सुरू होण्याआधीच मोडेमची तार भिंतीतून काढून टेलिफोन थेट जोडावा.

आता रोज रात्री दहाला तो खाली जातो, बटण बंद करतो, वर येतो आणि निजण्यापूर्वी एकदा रिसीव्हर उचलून डायल टोन ऐकतो.