वामनदादाला हारात गाडू नका

वामनदादा कर्डक १५ मे २००४ ला गेला. हार झाले, भाषणं झाली. साहित्याचे ठेकेदार त्याला 'लोककवी' म्हणतात. का? नुसतं कवी म्हणायला जीभ झडते काय? पुढं 'लोक' लावलं की पंगतीबाहेर बसवता येतं, हे आम्ही ओळखून आहोत.

हा माणूस सिन्नरच्या देशवंडीचा. शाळा नाही. मुंबईत अंगमेहनत करता करता मोठेपणी अक्षरं गिरवली. १९४३ साली पहिलं गाणं केलं, तेही सिनेमातल्या गाण्याचं विडंबन! (तुमचे महाकवी चंद्रापासून सुरुवात करतात, यानं थट्टेपासून केली.) पुढं बिर्ला-टाटांची आडनावं यमकात कोंबून त्यानं देशाच्या धनातला आमचा वाटा मागितला. माणसं हसली, अन् हसता हसता मुठी वळल्या. गोदीत पाठीवर माल वाहणाऱ्या माझ्यासारख्याला अर्थशास्त्राचं दुसरं पुस्तक लागलं नाही.

पण मित्रांनो, आपलं काय चाललंय? आमच्या मुळशीत, कासार आंबोलीच्या पट्ट्यात, जमिनी गेल्या, बंगले आले. जयंतीला डीजे दणाणतो. दादाची गाणी वाजतात, त्याचं नाव कुणी घेत नाही. आणि ते वाटा मागणारं गाणं? ते तर लावतच नाहीत. कसं लावतील? मांडवाची वर्गणी जमिनीच्या दलालाची!

येत्या १४ एप्रिलला ते गाणं आधी लावा. दलाल उठून गेला तर जाऊ द्या. वर्गणी परत मागितली तर तोंडावर फेका.